डीएचसीपी लीज नूतनीकरणातील बिघाड

संगणक जाळ्यातील उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी मिळालेल्या आयपी पत्त्याची मुदत वेळेत वाढवून न मिळणे, याला डीएचसीपी लीज नूतनीकरणातील बिघाड असे म्हणतात. डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल (डीएचसीपी) या नियमसंचानुसार पत्ता सहसा कायमचा दिला जात नाही, तो एका मुदतीपुरता वापरायला दिला जातो. मुदतबंद वापराच्या या परवानगीला 'लीज' म्हणतात. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण झाले नाही तर उपकरणाला तो पत्ता सोडून द्यावा लागतो आणि इंटरनेट जोडणी तुटते.

घरोघरी प्रकाशीय तंतूने (फायबरने) पुरवल्या जाणाऱ्या इंटरनेट सेवेत हा बिघाड ओळखणे अवघड जाते. तंतू शाबूत असतो, जोडपेटीवरचे दिवे हिरवे असतात, वायफायही दिसत असते, तरीही संकेतस्थळे उघडत नाहीत. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की सेवा पूर्ववत होते आणि काही तासांनी पुन्हा तुटते. बिघाड घडतो तो क्षण आणि जोडणी तुटते तो क्षण यांत मोठे अंतर असते. त्यामुळे निदानात 'जोडणी लीज मिळाल्यापासून किती वेळाने तुटली' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

## पार्श्वभूमी

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९५१ या दस्तऐवजात 'बूटपी' हा नियमसंच मांडण्यात आला. जाळ्यातील संगणकाला सुरू होताना आपला पत्ता सर्व्हरकडून मिळवता यावा, हा त्याचा हेतू होता. मात्र बूटपीमध्ये पत्त्याला मुदत नव्हती. व्यवस्थापकाने प्रत्येक उपकरणाची नोंद आधी करून ठेवावी लागे आणि बंद पडलेल्या उपकरणाचा पत्ता आपोआप परत येत नसे.

ही उणीव दूर करण्यासाठी डीएचसीपी तयार झाले. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९३ मध्ये आरएफसी १५३१ म्हणून आली. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला मार्च १९९७ चा आरएफसी २१३१ हा आयपीव्ही४ साठीच्या डीएचसीपीचा मूलभूत दस्तऐवज मानला जातो. लीजची संकल्पना हे या नियमसंचाचे वैशिष्ट्य आहे. मुदत असल्यामुळे न वापरलेले पत्ते सर्व्हरकडे आपोआप परत येतात आणि मर्यादित पत्त्यांवर अधिक ग्राहकांना सेवा देता येते. मात्र त्याच मुदतीमुळे चालू जोडणीलाही ठरावीक काळाने सर्व्हरची संमती घेणे भाग पडते.

## नूतनीकरणाची प्रक्रिया

पत्ता प्रथम मिळवताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. उपकरण (क्लायंट) 'डिस्कव्हर' संदेशाने सर्व्हरचा शोध घेते, सर्व्हर 'ऑफर' संदेशाने पत्ता देऊ करतो, उपकरण 'रिक्वेस्ट' संदेशाने त्याची मागणी करते आणि सर्व्हर 'ॲक' संदेशाने मंजुरी देतो. हे संदेश यूडीपीवरून जातात. सर्व्हर ६७ क्रमांकाच्या पोर्टवर तर क्लायंट ६८ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो.

मंजुरीच्या संदेशात लीजची मुदत सेकंदांत दिलेली असते. मुदत ही तारीख-वेळ नसून कालावधी असल्याने दोन्ही बाजूंची घड्याळे जुळलेली असण्याची गरज नसते. क्लायंट ही मुदत आपण मागणी पाठवली त्या क्षणापासून मोजतो. त्यानंतर नूतनीकरणाचे तीन टप्पे येतात:

* पहिला टप्पा (टी१): सर्व्हरने वेगळे न सांगितल्यास मुदतीचा ५० टक्के काळ उलटल्यावर क्लायंट नूतनीकरणाची मागणी करतो. ज्या सर्व्हरने लीज दिली होती, थेट त्यालाच उद्देशून हा संदेश (युनिकास्ट) जातो.
* दुसरा टप्पा (टी२): ८७.५ टक्के काळ उलटेपर्यंत उत्तर आले नाही, तर क्लायंट जाळ्यातील कोणत्याही सर्व्हरला ऐकू जाईल असा सार्वत्रिक संदेश (ब्रॉडकास्ट) पाठवतो. या अवस्थेला 'रिबाइंडिंग' म्हणतात.
* मुदतसमाप्ती: १०० टक्के काळ उलटूनही मंजुरी न मिळाल्यास क्लायंटने त्या पत्त्याचा वापर तत्काळ थांबवावा आणि प्रक्रिया 'डिस्कव्हर'पासून पुन्हा सुरू करावी, असा नियम आहे.

उत्तर न आल्यास क्लायंट पुढील टप्प्यापर्यंत उरलेल्या वेळेच्या निम्मा वेळ थांबून पुन्हा मागणी करतो. दोन मागण्यांमधील अंतर किमान ६० सेकंद असावे, असे नियमसंचात म्हटले आहे. उदाहरणार्थ, लीजची मुदत दोन तास असेल तर पहिली मागणी ६० व्या मिनिटाला जाते. पुढील मागण्या ८२ मिनिटे ३० सेकंद, ९३ मिनिटे ४५ सेकंद अशा कमी होत जाणाऱ्या अंतराने होतात. १०५ व्या मिनिटाला सार्वत्रिक मागणी सुरू होते आणि १२० व्या मिनिटाला पत्ता सोडला जातो. मुदत २४ तासांची असेल तर हेच टप्पे अनुक्रमे १२, २१ आणि २४ तासांनी येतात.

मागणी मंजूर करता येत नसेल, उदाहरणार्थ तो पत्ता आता त्या जाळ्यात वैध नसेल, तर सर्व्हर 'नॅक' हा नकाराचा संदेश पाठवू शकतो. नकार मिळताच क्लायंट पत्ता सोडून नव्याने सुरुवात करतो. नकार आणि मौन हे दोन वेगळे बिघाड आहेत. नकार आल्यास खंड सहसा काही सेकंदांचा असतो. उत्तरच न आल्यास क्लायंट मुदत संपेपर्यंत वाट पाहत राहतो.

## फायबर जाळ्यातील मार्ग

घरगुती फायबर सेवेसाठी मोठ्या प्रमाणावर जीपॉन हे तंत्र वापरले जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८४ या मानकमालिकेत त्याची व्याख्या केलेली आहे. त्यात सेवापुरवठादाराच्या केंद्रातील ओएलटी या उपकरणापासून निघालेला एक तंतू वीज न लागणाऱ्या विभाजकाद्वारे (स्प्लिटरद्वारे) अनेक घरांत वाटला जातो. घरातील तंतू ओएनटी या जोडपेटीत संपतो. ओएनटीमध्येच राउटर असतो किंवा तिला वेगळा राउटर जोडलेला असतो. ओएलटीकडून घराकडे सुमारे २.५ गिगाबिट आणि घराकडून ओएलटीकडे सुमारे १.२५ गिगाबिट प्रतिसेकंद इतकी क्षमता सर्व घरांत मिळून वापरली जाते.

या रचनेतील तीन गोष्टी लीजच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे, डीएचसीपी सर्व्हर सहसा ग्राहकाच्या स्थानिक जाळ्यात नसतो. ग्राहकाचा सार्वत्रिक संदेश वाटेतील 'रिले एजंट' उचलतो आणि सर्व्हरकडे पोहोचवतो. ओएलटी किंवा त्यापुढील उपकरण त्या संदेशात 'ऑप्शन ८२' ही माहिती जोडते. २००१ च्या आरएफसी ३०४६ मध्ये तिची व्याख्या आहे. संदेश कोणत्या पोर्टवरून आणि कोणत्या ग्राहकाकडून आला, हे सर्व्हरला त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट अशी की, टी१ च्या वेळी जाणारा थेट संदेश रिले एजंटला उद्देशून नसतो. तो सामान्य आयपी पॅकेटप्रमाणे सर्व्हरकडे जातो. म्हणजे पत्ता प्रथम मिळवतानाचा मार्ग आणि त्याचे नूतनीकरण करतानाचा मार्ग एक नसतात. त्यामुळे पहिला सुरळीत चालत असताना दुसरा बंद असू शकतो.

तिसरी बाब ओएनटी आणि राउटर यांच्यामधील तारेची आहे. तंतूवरील संपर्क तुटला तरी या दोन उपकरणांमधील इथरनेट जोडणी बहुधा जिवंत राहते. राउटरला ती तार काढल्याचा संकेत मिळत नाही. त्यामुळे लीज पुन्हा तपासून पाहण्याचे कारणही त्याला दिसत नाही. पलीकडे सर्व बदललेले असताना तो जुन्या पत्त्यावर विसंबून राहतो.

## कारणे

### थेट मागणी सर्व्हरपर्यंत न पोहोचणे

टी१ ची मागणी ज्या पत्त्यावर जाते, तो सर्व्हरने मंजुरीच्या संदेशात 'सर्व्हर ओळख' म्हणून कळवलेला असतो. सेवापुरवठादाराच्या अंतर्गत जाळ्यातील हा पत्ता अनेकदा १०.०.०.० पासून सुरू होणाऱ्या खासगी श्रेणीतील असतो. ग्राहकाच्या राउटरवर खासगी पत्त्यांकडे जाणारी वाहतूक अडवणारा नियम असेल तर मागणी घरातच थांबते. राउटरची सर्व वाहतूक व्हीपीएनमधून वळवलेली असेल तर मागणी त्या बोगद्यात शिरते आणि सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. सेवापुरवठादाराच्या बाजूने सर्व्हरकडे जाणारा मार्ग किंवा परतीचा मार्ग चुकीचा असल्यासही हाच परिणाम होतो.

लिनक्सवर आधारित राउटरमध्ये याची आणखी एक छटा दिसते. आयएससी डीएचसीपी किंवा बिझीबॉक्समधील क्लायंट आरंभीचे सार्वत्रिक संदेश 'रॉ सॉकेट'मधून पाठवतो आणि नूतनीकरणाचे थेट संदेश नेहमीच्या यूडीपी सॉकेटमधून पाठवतो. रॉ सॉकेटमधून गेलेल्या संदेशांना फायरवॉलचे नेहमीचे नियम लागू होत नाहीत, दुसऱ्या प्रकारच्या संदेशांना होतात. त्यामुळे चुकीच्या नियमाचा फटका केवळ नूतनीकरणाला बसतो आणि प्रथम जोडणी निर्दोष दिसते.

### व्हीलॅन आणि प्राधान्य

अनेक सेवापुरवठादार इंटरनेट, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी यांसाठी वेगवेगळे व्हीलॅन (एकाच तंतूवरील तर्काधिष्ठित स्वतंत्र जाळी) वापरतात. काही ठिकाणी डीएचसीपी संदेशांना विशिष्ट प्राधान्यक्रमांक असणेही आवश्यक असते. फ्रान्समधील ऑरेंज कंपनीच्या फायबर सेवेत स्वतःचा राउटर जोडणाऱ्यांना ८३२ क्रमांकाचा व्हीलॅन आणि डीएचसीपी संदेशांसाठी ८०२.१पी मानकातील प्राधान्य ६ वापरावे लागते. अशा जाळ्यात राउटरने आरंभीच्या संदेशांना प्राधान्य दिले आणि नूतनीकरणाच्या संदेशांना दिले नाही, तर पत्ता मिळतो पण टिकत नाही.

### ओएलटीमधील सुरक्षानोंदी पुसल्या जाणे

एका ग्राहकाने दुसऱ्याचा पत्ता वापरू नये म्हणून ओएलटी डीएचसीपी संदेशांवर लक्ष ठेवते. कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता दिला गेला याची तक्ती ती तयार करते आणि तक्तीत नसलेल्या पत्त्यावरून आलेली वाहतूक टाकून देते. ओएलटी किंवा तिचे कार्ड पुन्हा सुरू झाले आणि तक्ती जतन केलेली नसली, तर ग्राहकाचा राउटर आपली लीज वैध समजतो, पण त्याची पॅकेट्स ओएलटीवर अडतात. टी१ ची थेट मागणीसुद्धा त्याच नियमाखाली टाकली जाऊ शकते. मग टी२ च्या सार्वत्रिक मागणीपर्यंत किंवा ग्राहक राउटर पुन्हा सुरू करेपर्यंत सेवा बंद राहते. लीज मोठ्या मुदतीची असल्यास हा काळ अनेक तासांचा होतो. अशा उपकरणांना सर्व्हरकडून नोंदी परत मागवता याव्यात, यासाठी २००६ च्या आरएफसी ४३८८ मध्ये 'लीजक्वेरी' या संदेशाची सोय करण्यात आली.

### उपकरण बदलणे

काही सेवापुरवठादार एका जोडणीला एकाच मॅक पत्त्यावर लीज देतात. ग्राहकाने जुना राउटर काढून नवा लावला की सर्व्हरच्या लेखी पत्ता जुन्या राउटरकडेच असतो. जुनी लीज संपेपर्यंत किंवा सेवापुरवठादाराने ती मोडेपर्यंत नव्या राउटरला उत्तर मिळत नाही. जुन्या राउटरवरून आधी 'रिलीज' संदेश पाठवल्यास पत्ता मोकळा होतो. परंतु या संदेशाला सर्व्हरकडून पोच मिळत नाही, त्यामुळे तो वाटेत हरवला तरी ग्राहकाला कळत नाही.

ग्राहकाचा तंतू ओएलटीच्या दुसऱ्या पोर्टवर हलवला गेल्यासही असेच घडू शकते. मॅक पत्ता तोच असतो, पण ऑप्शन ८२ मधील माहिती बदलते आणि सर्व्हरला ती विनंती अपरिचित वाटते.

### सर्व्हरकडील कारणे

सर्व्हर बंद असणे, दोन जोडसर्व्हरांच्या नोंदींत मेळ नसणे, नोंदीविना नवा सर्व्हर कार्यान्वित होणे आणि पत्त्यांचा साठा संपणे, ही यातील प्रमुख कारणे होत. साठा संपल्याचा परिणाम चालू लीजवर लगेच होत नाही. मात्र एकदा लीज गमावलेल्या ग्राहकाला नवा पत्ता मिळत नाही. मोठ्या भागातील वीज जाऊन परत आली की हजारो राउटर एकाच वेळी पत्ता मागतात. हा ताण कमी व्हावा म्हणून क्लायंटने सुरू होताना १ ते १० सेकंदांतील यादृच्छिक काळ थांबावे, अशी शिफारस आरएफसी २१३१ मध्ये आहे.

### दुहेरी राउटर

ओएनटीमध्ये राउटर चालू असताना तिला ग्राहकाने दुसरा राउटर जोडला, तर दुसऱ्या राउटरला लीज सेवापुरवठादाराकडून मिळत नाही, ती ओएनटीकडून मिळते. दोन्ही उपकरणांची अंतर्गत जाळी १९२.१६८.१.० अशी एकच असेल तर पत्त्यांत संघर्ष होतो. ओएनटी 'ब्रिज' पद्धतीने चालवणे किंवा एका उपकरणाची अंतर्गत श्रेणी बदलणे हा त्यावरील उपाय आहे.

## निदान

### कालांतरावरून

राउटरच्या स्थितिपृष्ठावर लीज मिळाल्याची वेळ आणि मुदत बहुधा दिसते. जोडणी तुटल्याच्या दोन-तीन वेळा त्यासमोर मांडल्यास कारणाची दिशा कळते:

* नूतनीकरण प्रत्येक वेळी ८७.५ टक्क्यांच्या सुमारास होते, सेवा तुटत नाही: थेट मार्ग बंद आहे, सार्वत्रिक मार्ग चालू आहे. हा सुप्त बिघाड असून तो सहसा लक्षात येत नाही.
* सेवा नेमकी मुदतसमाप्तीला तुटते आणि काही सेकंदांत परत येते: दोन्ही मागण्यांना उत्तर मिळत नाही, पण नव्याने केलेल्या शोधाला मिळते. सर्व्हरकडे जुन्या लीजची नोंद नसणे किंवा क्लायंटच्या नूतनीकरण संदेशात त्रुटी असणे संभवते.
* सेवा मुदतसमाप्तीला तुटते आणि आपोआप परत येत नाही: मॅक पत्त्याचे बंधन, संपलेला साठा, चुकीचा व्हीलॅन किंवा बंद सर्व्हर यांचा शोध घ्यावा लागतो.
* मुदत शिल्लक असताना सेवा बंद होते आणि टी२ ला किंवा राउटर पुन्हा सुरू केल्यावर परत येते: ओएलटीमधील नोंदी पुसल्या गेल्याचा संशय घेण्यास जागा आहे.
* सेवा अनियमित वेळी तुटते: कारण बहुधा लीजमध्ये नसते. तंतू, वीजपुरवठा किंवा वायफाय तपासणे योग्य ठरते.

### दिवे आणि प्रकाशशक्ती

ओएनटीवरील 'पॉन' दिवा स्थिर असणे म्हणजे ओएलटीशी संपर्क आहे, एवढेच. त्यावरून लीज वैध असल्याचे कळत नाही. 'एलओएस' दिवा लाल असल्यास प्रकाशच पोहोचत नसतो आणि लीजचा विचार पुढचा ठरतो. जीपॉनच्या प्रचलित बी+ वर्गात ओएनटीला मिळणारी प्रकाशशक्ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते. उणे २७ च्या आसपास रेंगाळणारे मूल्य तंतू वाकल्याचे किंवा जोड मळल्याचे लक्षण असते.

### पत्त्यावरून

संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसणे म्हणजे त्याला कोणत्याही डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर मिळालेले नाही आणि त्याने स्वतःच स्थानिक पत्ता घेतला आहे. घरातील संगणकाच्या बाबतीत हा सर्व्हर बहुधा घरचाच राउटर असतो. त्यामुळे दोष सेवापुरवठादाराकडे नसून घरातील जाळ्यात असण्याची शक्यता अधिक असते. याउलट संगणकाला १९२.१६८ ने सुरू होणारा योग्य पत्ता आहे, पण राउटरच्या बाहेरील बाजूचा पत्ता ०.०.०.० दिसतो, तर बिघाड बाहेरील लीजमध्ये आहे. बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या श्रेणीतील असणे हा दोष नव्हे. सेवापुरवठादारांनी एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरण्यासाठी ही श्रेणी २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने राखून ठेवली आहे.

### पॅकेट तपासणी

निश्चित पुरावा ओएनटी आणि राउटर यांच्यामधील वाहतूक टिपूनच मिळतो. पोर्टची नक्कल देऊ शकणारा स्विच मध्ये बसवून वायरशार्क किंवा टीसीपीडम्प या साधनांनी यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ वरील संदेश नोंदवले जातात. मागणी राउटरमधून बाहेर पडलीच नाही तर दोष राउटरचा असतो. ती बाहेर पडली आणि उत्तर आले नाही तर दोष ओएनटी किंवा त्यापलीकडचा असतो. उत्तर आले आणि राउटरने ते स्वीकारले नाही तर फायरवॉल किंवा क्लायंटचे सॉफ्टवेअर तपासावे लागते. ऑप्शन ८२ ही माहिती ग्राहकाच्या बाजूला दिसत नाही, ती फक्त रिले आणि सर्व्हर यांच्यामध्ये पाहता येते.

## उपाययोजना

राउटर पुन्हा सुरू करणे हा सर्वाधिक वापरला जाणारा उपाय आहे. त्यामुळे क्लायंट सार्वत्रिक संदेशापासून आरंभ करतो आणि नूतनीकरणाचा बंद मार्ग टाळला जातो. सेवा सुरू होते, परंतु मूळ दोष तसाच राहून पुढील मुदतीला पुन्हा प्रकट होतो. शिवाय अनेक राउटरमधील घटनानोंदी पुन्हा सुरू करताना पुसल्या जातात. म्हणून त्यापूर्वी नोंदी जतन करणे आणि स्थितिपृष्ठाचे छायाचित्र घेणे उपयुक्त मानले जाते.

ग्राहकाच्या बाजूने करता येणाऱ्या उपायांत पुढील गोष्टी येतात: राउटरच्या स्थितिपृष्ठावरून लीज सोडून पुन्हा मागणे, क्लायंट पोर्ट ६८ वर येणारी उत्तरे आणि सर्व्हरच्या पत्त्याकडे जाणारी मागणी यांना फायरवॉलमध्ये वाट देणे, डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता व्हीपीएनमधून वगळणे, व्हीलॅन आणि प्राधान्यक्रमांक पडताळणे, राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करणे, आणि राउटर बदलताना जुन्यावरून लीज सोडणे किंवा नव्या राउटरवर जुन्याचा मॅक पत्ता नोंदवणे. विंडोज संगणकावरील लीज 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेच्या 'रिलीज' व 'रिन्यू' पर्यायांनी सोडता व पुन्हा मिळवता येते. मात्र राउटरमागे असलेल्या संगणकावर ही आज्ञा दिल्यास घरातील लीज बदलते, सेवापुरवठादाराकडील बदलत नाही.

हाती मिळेल तो पत्ता राउटरमध्ये कायमस्वरूपी भरून ठेवणे हा उपाय सदोष आहे. ओएलटीच्या तक्तीत नोंद नसल्याने अशी वाहतूक अडवली जाऊ शकते, किंवा मुदत संपल्यावर सर्व्हर तोच पत्ता दुसऱ्या ग्राहकाला देऊन दोघांच्याही सेवेत व्यत्यय येऊ शकतो.

सेवापुरवठादाराच्या बाजूने थेट मागण्याही रिले एजंटमार्फत नेण्याची सोय आहे. २००८ च्या आरएफसी ५१०७ नुसार रिले एजंट स्वतःचा पत्ता 'सर्व्हर ओळख' म्हणून कळवू शकतो. मग क्लायंटची टी१ ची मागणी रिलेकडेच येते आणि ऑप्शन ८२ ची माहिती नूतनीकरणातही जोडली जाते. ओएलटीच्या नोंदी टिकाऊ स्मृतीत ठेवणे, जोडसर्व्हरांच्या नोंदींचा मेळ तपासणे आणि टी२ पर्यंत पोहोचणाऱ्या मागण्यांच्या संख्येवर लक्ष ठेवणे हे अन्य उपाय होत. निकोप जाळ्यात जवळजवळ सर्व नूतनीकरणे टी१ ला पूर्ण होतात. टी२ च्या मागण्या वाढल्या तर सेवा तुटण्यापूर्वीच बिघाडाची सूचना मिळते.

मुदत किती असावी, याबाबत दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. लहान मुदतीमुळे पत्ते लवकर मोकळे होतात आणि जाळ्यातील बदल लवकर पोहोचतात, पण सर्व्हर थोडा वेळ बंद पडला तरी अनेक ग्राहकांची सेवा तुटते. दोन तासांच्या लीजमध्ये टी१ पासून मुदतसमाप्तीपर्यंत एकच तास हाती असतो. मोठ्या मुदतीत सर्व्हर दुरुस्त करण्यास अवधी मिळतो, पण चुकीच्या नोंदीही तितकाच काळ टिकतात.

## आयपीव्ही६

आयपीव्ही६ साठी डीएचसीपीव्ही६ हा स्वतंत्र नियमसंच आहे. तो प्रथम २००३ मध्ये आरएफसी ३३१५ म्हणून आणि सुधारित स्वरूपात २०१८ मध्ये आरएफसी ८४१५ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात ५४६ आणि ५४७ हे पोर्ट वापरले जातात आणि ग्राहकाच्या राउटरला एका पत्त्याऐवजी पत्त्यांचा संपूर्ण गट दिला जाऊ शकतो. यातील 'रिन्यू' संदेश सर्वसाधारणपणे समूहपत्त्यावर (मल्टिकास्टने) पाठवला जात असल्याने तो रिले एजंटमार्फतच जातो. त्यामुळे आयपीव्ही४ मधील थेट मागणीचा दोष येथे सहसा आढळत नाही.

दोन्ही लीज स्वतंत्र असल्याने एक टिकून दुसरी जाऊ शकते. अशा वेळी आयपीव्ही६ असलेली काही संकेतस्थळे उघडतात आणि केवळ आयपीव्ही४ वर असलेली उघडत नाहीत. ग्राहकाला हा बिघाड 'काही संकेतस्थळे बंद आहेत' अशा स्वरूपात जाणवतो.

## भारतातील स्थिती

भारतातील सर्व फायबर जोडण्यांना बाहेरील लीजचा प्रश्न लागू होत नाही. बीएसएनएलची घरगुती फायबर सेवा आणि अनेक स्थानिक सेवापुरवठादार पीपीपीओई ही पद्धत वापरतात. त्यात राउटर वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन सत्र सुरू करतो. पत्ता त्या सत्रापुरता मिळतो, त्याला डीएचसीपीची मुदत नसते आणि सत्र तुटल्यास पत्ताही जातो. अशा जोडणीत ठरावीक काळाने सेवा तुटत असल्यास सत्राची कमाल मर्यादा किंवा प्रमाणीकरण तपासावे लागते. मात्र घरातील मोबाइल, संगणक आणि कॅमेरे यांना राउटर डीएचसीपीनेच पत्ते देत असल्याने आतील लीजचे बिघाड तेथेही संभवतात.

कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणाकडे होता, हे लीजच्या नोंदींवरून ठरते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादारांना आपल्या संगणकीय प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात. नूतनीकरण आणि मुदतसमाप्ती यांच्या वेळा चुकीच्या नोंदल्या गेल्यास एखाद्या कृतीचा संबंध भलत्याच ग्राहकाशी जोडला जाण्याचा धोका असतो.

## परिणाम

खंड काही सेकंदांचा असला तरी चालू असलेली दृश्यबैठक, दूरस्थ परीक्षा किंवा व्हीपीएन जोडणी तुटते. नूतनीकरणाऐवजी नवी लीज मिळाल्यास पत्ता बदलू शकतो. मग बाहेरून पाहिले जाणारे सुरक्षा कॅमेरे आणि घरातून चालवले जाणारे सर्व्हर जुन्या पत्त्यावर सापडत नाहीत. फायबरवरून दूरध्वनी सेवा घेतलेल्या घरात डेटा आणि दूरध्वनी यांची लीज एकच असेल तर दूरध्वनीही बंद पडतो आणि आपत्कालीन क्रमांकावर संपर्क होऊ शकत नाही.

## हे सुद्धा पहा

* आयपी पत्ता
* डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल
* प्रकाशीय तंतू
* राउटर
* व्हीलॅन
* आयपीव्ही६